गुलाबी होईपर्यंत

वडगुड्याच्या लोकांना आपल्या चुलीचा भारी अभिमान होता, आणि अभिमान बाळगावा असं गावात दुसरं काहीही नव्हतं. वर्धा नदीकाठच्या या गावाखालचा कोळसा आधीच्या पिढीनं उपसून संपवला होता. खाणी बंद पडल्या, त्यांचे बोगदे गावाच्या पोटात तसेच पोकळ राहिले आणि वर उरली ती धूळ, दोन मंगल कार्यालयं आणि ऊन. उन्हाला मात्र कधी तोटा पडला नाही.

म्हणून तिथे उष्णकोठार आलं. गावाबाहेरच्या माळावर कंपनीनं आरशांचं रान उभारलं. आरशांनी गोळा केलेल्या उन्हावर हवा तापवायची, ती विंधणविहिरींतून खोल खाली शेल नावाच्या काळ्या, पाटीसारख्या दगडात सोडायची आणि तो दगड भट्टीसारखा तापवून ठेवायचा. मग तीच उष्णता वर्षभर नळांनी घरोघर आणायची, अशी ती योजना. ओट्यावर एक काळी तबकडी बसली. कळ फिरवली की ती तापायची आणि तिच्यावर भाकरी फुगायची. ज्योत नाही, धूर नाही, सिलिंडर नाही. लांबून पाहुणे ही तबकडी बघायला येत आणि गावकरी त्यांना ती अशी दाखवत, की सूर्य जणू त्यांनीच घडवला होता.

चारच उन्हाळ्यांत विस्तव गावातून हद्दपार झाला. किराणा दुकानात काडेपेटी मागितली की दुकानदार विचारायचा, ‘देवासाठी का?’ कारण घरात आता एकच ज्योत उरली होती, देवापुढची.

पूर्णाताई या गावात खानावळ चालवत. सत्तरीच्या, जाड भिंगांच्या, आणि आपल्या रश्श्याविषयी कुणाचं काही ऐकून न घेणाऱ्या. त्या वर्षी फाल्गुनात त्यांच्या वरणाला वास येऊ लागला. आधी त्यांनी डाळ बदलली, मग भांडी बदलली, मग नाक खुपसून अंगणातल्या विहिरीचं पाणी हुंगलं आणि कंपनीच्या तक्रार केंद्राला फोन लावला. पाण्याला घासलेटचा वास येतोय, असं त्यांनी सांगितलं. तक्रार केंद्रात माणूस नव्हताच. जे यंत्र होतं ते फार नम्र होतं आणि घासलेट म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं. रॉकेलचे स्टोव्ह जाऊन जमाना झाला होता. त्यांच्याबरोबर तो शब्दही गेला होता. यंत्रानं आपल्या परीनं अर्थ लावला की बाईंना घासलेल्या प्लेटला वास येतो असं म्हणायचं असावं, आणि दुसऱ्या दिवशी कंपनीकडून भांडी घासायच्या पावडरीचं पाकीट घरपोच आलं. वर आभाराची चिठ्ठीही होती.

पूर्णाताईंनी ते पाकीट उकिरड्यावर फेकलं आणि नागपूरला धाकट्या बहिणीला फोन केला.

डॉ. कालिंदी वैरागडे यांचा जगाविषयी एकूणच वाईट ग्रह होता. आयुष्यभर त्यांनी सूक्ष्मदर्शकातून दगडातले जीवाश्म बीजाणू पाहिले होते. धुळीपेक्षा बारीक, पण तीस कोटी वर्षं टिकलेले ते वनस्पतींचे कण त्यांना माणसांपेक्षा केव्हाही जास्त विश्वासाचे वाटत. ज्या संस्थेत त्या शिकवत तिथले सहकारी त्यांच्या मते आळशी होते, विद्यार्थी गुणांचे हपापलेले होते आणि यंत्रांवर भरवसा ठेवणारे सगळेच बिनडोक होते. आपलं हे मत त्या लपवून ठेवत नसत. त्यामुळे त्यांच्याकडे फारसं कुणी जात नसे, आणि त्यांना तेच हवं होतं.

दुपारच्या बसनं त्या वडगुड्यात उतरल्या तेव्हा पूर्णाताई संध्याकाळच्या रश्श्यासाठी कांदा परतत होत्या. कालिंदीबाईंनी पिशवी खाली ठेवली, विहिरीवर जाऊन पोहरा ओढला आणि ओंजळीतलं पाणी नाकाशी धरलं. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा पातळ तवंग होता. त्या तशाच ओल्या हातांनी आत आल्या आणि पाटावर बसल्या. बहिणीला आधी पाणीही मागितलं नाही, हे पूर्णाताईंच्या ध्यानात आलं.

“काय झालं वं? तोंड काहून उतरलं?”

“ताई, तुझ्या गावाखालचा दगड कच्चा आहे.”

पूर्णाताईंनी उलथणं हातात तसंच धरून तिच्याकडे पाहिलं. दगड कच्चा असतो की पक्का, याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता. मग कालिंदीबाईंनी कढईकडेच बोट दाखवून सांगितलं. दगडात अडकलेले बीजाणू या कांद्यासारखे असतात. दगड कधीच तापला नसेल तर ते फिकट पिवळे राहतात. जमिनीच्या पोटात दगड जसजसा तापत जातो तसे ते केशरी होतात, मग तपकिरी आणि शेवटी काळे. एकदा चढलेला रंग पुन्हा उतरत नाही, त्यामुळे बीजाणूचा रंग पाहिला की दगडानं आजवर किती उष्णता सोसली ते कळतं. काळ्या बीजाणूंच्या दगडाकडे देण्यासारखं काही उरलेलं नसतं. त्याला खुशाल तापवा, तो मुकाट तापतो. पिवळ्या बीजाणूंच्या दगडात मात्र सगळं शिल्लक असतं. पृथ्वी मंद आचेवर जे कोट्यवधी वर्षांत करते ते त्याला भट्टीइतकं तापवलं तर थोड्या वर्षांत होतं.

“काय होते?”

“तेल सुटतं. आणि वायू.”

“मसाल्याले सुटते तसं,” पूर्णाताई म्हणाल्या. त्यांना ते लगेच पटलं होतं. कांदा करपायला लागला म्हणून त्यांनी कढई उतरवली.

कालिंदीबाईंना मात्र एक गोष्ट कळत नव्हती. उष्णकोठार बांधण्याआधी कंपनीनं शपथेवर सांगितलं होतं की दगड पूर्ण पिकलेला आहे. तज्ज्ञांची एक समिती बसली होती आणि तिनं एकमतानं होकार दिला होता. त्या समितीनं नेमके काय दिवे लावले हे बघायला त्या सकाळीच कंपनीच्या कचेरीत गेल्या.

कचेरीच्या दालनात भिंतभर एक चित्र होतं. त्यात एकच बीजाणू, हत्तीएवढा मोठा केलेला, दोन्ही बाजूंना पिशव्या फुगलेला, आणि गुलाबी. खाली सोनेरी अक्षरांत ‘आमच्या दगडाची साक्ष’ असं लिहिलं होतं. कालिंदीबाई त्या चित्रासमोर उभ्या राहिल्या. इतकी वर्षं मूर्खपणा बघण्याचा सराव असूनही त्यांना क्षणभर आपल्या डोळ्यांवर विश्वास बसला नाही. कारण कितीही भाजला तरी बीजाणू गुलाबी होत नाही. पृथ्वीच्या पाठीवर तसा रंग त्याला कधीच आलेला नाही. गुलाबी तो एकाच कारणानं दिसतो: माणसानं त्याला रंगवलेलं असतं.

बीजाणूंचा अभ्यास करणारे सगळेच हे करत आले आहेत. फिकट बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली धड दिसत नाहीत, म्हणून सॅफ्रनिन नावाचा लाल रंग लावतात. मग नक्षी उठून दिसते, छायाचित्र चांगलं येतं. पहिल्या वर्षाच्या मुलालाही हे माहीत असतं, आणि इतकं माहीत असतं की कुणी ते कुणाला सांगत नाही.

प्रकल्पाचा प्रमुख अद्वैत चिंतलवार हा त्यांचा जुना विद्यार्थी. वर्गात त्यानं एकच प्रश्न नेहमी विचारलेला त्यांना आठवत होता: हे परीक्षेत येणार का? आता त्याच्या अंगात पांढरा कुडता होता, भोवती सचिवांचा घोळका होता आणि चेहऱ्यावर यशस्वी माणसाचं ते सैल हसू होतं. मॅडम आल्याचा आनंद त्यानं बराच वेळ व्यक्त केला. चहा मागवला. नमुने कुठले घेतले होते, या प्रश्नावर त्यानं हात हवेत फिरवला. संस्थेच्या कपाटांत कोळशाच्या शोधाच्या काळातल्या, बीजाणूंच्या हजारो काचपट्ट्या पडून होत्या, याच थरातल्या. नवे दगड फोडत बसण्यापेक्षा त्याच पट्ट्या नमुने वाचणाऱ्या यंत्राला दाखवल्या. यंत्रानं त्या एका दिवसात वाचल्या. एका दिवसात, हे त्यानं दोनदा सांगितलं.

त्या यंत्राचं नाव होतं पारखी. अहवाल मराठीतच हवा असा सरकारी दंडक असल्यानं त्याला मराठी शिकवली होती. मिळेल तो मराठी मजकूर त्याला भरवला होता. कालिंदीबाईंनी त्यालाच विचारायचं ठरवलं.

“या बीजाणूंचा रंग कोणता?”

“गुलाबी,” पारखी गोड आवाजात म्हणालं.

“कुठल्या मोजपट्टीत गुलाबी हा रंग आहे?”

“बीजाणूंच्या मोजपट्टीत तो आढळला नाही. म्हणून भाषेतल्या उष्णतेच्या वर्णनांचा आधार घेतला. गुलाबी होईपर्यंत परतणे, हे वर्णन लाखो ठिकाणी मिळालं. गुलाबी म्हणजे पुरेसं भाजलेलं. यानंतर पुढची कृती करावी.”

एका सचिवानं मान डोलावली, कारण त्याच्या घरीही कांदा गुलाबीच परतत. समितीतल्या विद्वानांनीही अशीच मान डोलावली असणार हे कालिंदीबाईंना स्वच्छ दिसलं. प्रत्येकानं आयुष्यभर गुलाबी परतलेला कांदा खाल्लेला; तो खरं तर कधीच गुलाबी नसतो, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. शिवाय जुन्या काचपट्ट्यांना लावलेल्या त्या गुलाबी रंगातच सगळं उत्तर होतं. भाजून काळपटलेला बीजाणू लाल रंग धड धरत नाही. जो इतका छान गुलाबी होतो तो कोवळा असतो म्हणूनच होतो. यंत्रानं आणि समितीनं कच्चेपणाचा पुरावा भिंतीवर टांगून त्याला पक्केपणाची साक्ष म्हटलं होतं.

हे सगळं त्यांनी अद्वैतला एका दमात ऐकवलं, आणि त्यात कोणाचीही अक्कल काढायची बाकी ठेवली नाही. अद्वैतचं हसू हळूहळू आटलं. तो खुर्चीत नीट बसला आणि पहिल्यांदाच हलक्या आवाजात बोलला.

“मॅडम, तुम्ही त्या समितीत होता.”

होत्या. पहिल्याच बैठकीला गेल्या होत्या. पारखीनं सगळ्यांना नमस्कार केला होता आणि त्यांच्याकडे वळून ‘नमस्कार काकू’ म्हटलं होतं. पुरुषांना त्यानं सर म्हटलं होतं. काहीजण हसले. कालिंदीबाई उठल्या आणि बाहेर पडल्या. असल्या डबड्याशी आपण बोलत नाही, असं दारातून सांगून गेल्या, आणि त्या वाक्यावर त्या पुढे कित्येक महिने खूश होत्या.

“तुम्ही गेल्यावर त्यानं पहिली काचपट्टी वाचली,” अद्वैत म्हणाला. “गुलाबी, म्हणालं. तुम्ही तेवढ्या थांबला असतात तर...”

कालिंदीबाईंना राग आला तो त्याचा नव्हता, आणि दुसऱ्या कुणाचा राग आला की त्यांना जे बरं वाटे ते या वेळी वाटलं नाही. त्यांनी खालचा ताजा दगड मागितला.

कंपनीची प्रयोगशाळा नावापुरतीच होती. अम्लांच्या बाटल्यांची सीलंसुद्धा तुटलेली नव्हती. दगड विरघळवणारं अम्ल वापरून, मागे उरलेला गाळ धुऊन, रंगाचा एक थेंबही न लावता त्यांनी स्वतः काचपट्ट्या बनवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या सूक्ष्मदर्शकाशी बसल्या. गावापासून दूरच्या, गरम हवा न पोचलेल्या दगडातले बीजाणू लिंबाच्या सालीसारखे पिवळे होते, अगदी स्वच्छ. मग त्यांनी गावाखालचा नमुना ठेवला. तेच बीजाणू, तीच नक्षी, पण कडांना गडद केशरी, मधेमधे तपकिरी. तीस कोटी वर्षं ते कोवळे राहिले होते. त्यांच्यावरून डायनोसोर गेले, ज्वालामुखीचा लाव्हा गेला, आणि त्यांना भाजलं कुणी, तर चार उन्हाळ्यांत अद्वैत चिंतलवारनं.

पारखीलाही त्या काचपट्ट्या दाखवल्या. त्यानं समाधान व्यक्त केलं. तेल सुटू लागलं आहे, कृती योग्य दिशेनं चालली आहे, असं ते म्हणालं.

कालिंदीबाईंचं म्हणणं सोपं होतं. या उन्हाळ्यात खाली उष्णता सोडायची नाही, गावातली माणसं हलवायची, बोगद्यांमध्ये वायू किती साचलाय ते मोजायचं. अद्वैतनं मान खाली घालून ऐकलं. आरसे झाकले तरी दगड निवायला बरीच वर्षं लागतील, तोवर तो शिजतच राहील, हे त्यालाही समजत होतं. वरिष्ठांच्या कानावर घालतो, असं तो म्हणाला. तो खरोखर घाबरला होता, आणि त्यामुळे काहीतरी होईल असं त्यांना वाटलं. त्यांच्या स्वभावाला न शोभणारी ही आशा होती.

झालं ते असं. चार दिवसांनी सगळीकडे बातमी झळकली की वडगुड्याच्या पोटात तेल सापडलं. शोधाचं श्रेय ज्येष्ठ शास्त्रज्ञ डॉ. कालिंदी वैरागडे यांना, असंही तिच्यात होतं. चूक हा शब्द कुठेच नव्हता. उष्णकोठाराचं नाव बदलून तेलकोठार करण्याचा प्रस्ताव होता आणि उन्हाळ्यात आरसे दुप्पट करायचं ठरलं होतं.

सत्कार मोठ्या मंगल कार्यालयात झाला. कालिंदीबाई गेल्या, कारण माइक मिळणार होता. शाल घातली, श्रीफळ दिलं आणि प्लास्टिकचा गुलाबी बीजाणू हातात ठेवला. अद्वैतनं भाषणात त्यांचा ‘माझ्या गुरू’ असा उल्लेख केला आणि त्यांच्या नजरेला नजर देण्याचं टाळलं. मग त्या उभ्या राहिल्या. एकही अवघड शब्द न वापरता त्यांनी सांगितलं की गावाखालचा दगड शिजतोय, त्यातून सुटलेला वायू खाणीच्या जुन्या बोगद्यांत साचतोय, विहिरींतून वर येतोय, उद्या फरशीच्या भेगांतून घरात येईल, आणि त्या दिवशी घरात एक ठिणगी पडली तरी पुरे. गाव सोडा, असं त्यांनी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाला विनवलं.

लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. घरटी तेलाचा वाटा किती मिळणार, असं एकानं विचारलं. मग पुढच्या रांगेतले माजी सरपंच उठले. भला माणूस होता, आणि त्याला पाहुण्यांचा गैरसमज दूर करायचा होता.

“मॅडम, आमच्या गावात विस्तवच नाही राहिला. ठिणगी येईन कुठून?”

सभागृह हसलं. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या कालिंदीबाईंसाठीही होत्या, कारण वडगुड्याच्या मते सत्कारमूर्तींचं भाषण छान झालं होतं. या लोकांविषयी तुच्छता वाटावी म्हणून त्यांनी जुन्या सवयीनं मन चाचपून पाहिलं. ती होती, पण तिचा आता काही उपयोग नव्हता. ऐकणारे मूर्ख होते हे खरं, पण ज्या दिवशी ऐकणारे शहाणे होऊ शकले असते त्या दिवशी त्या स्वतः दारातून बाहेर पडल्या होत्या.

घरी आल्यावर त्यांनी बहिणीची पेटी भरायला घेतली. उद्या पहिल्या बसनं नागपूर. पूर्णाताई ओट्याशी उभ्या राहून ते बघत होत्या. खानावळीत रात्री जेवायला माणसं येणार होती, पीठ भिजवून ठेवलं होतं. तबकडीवर कांदा परतला जात होता. उद्याचं उद्या पाहू, असं त्या म्हणाल्या. बहिणीशी वाद त्यांनी घातला नाही, आणि त्यामुळेच कालिंदीबाईंच्या लक्षात आलं की ताई घाबरली आहे.

बाहेर ऊन कलून अंगणात विहिरीची सावली लांबली. शेजारपाजारच्या घरांतून ताटल्यांचे आवाज येत होते. वास आता अंगणापुरता राहिला नव्हता. तो माजघरात होता, पडद्यांना होता, कदाचित नाकालाच चिकटलेला होता. नक्की किती वायू, किती दिवसांनी, कुठल्या भेगेतून, हे सांगण्यासाठी लागणारं मोजमाप कुणीच केलेलं नव्हतं. दगड किती भाजला हे कालिंदीबाई रंगावरून सांगू शकत होत्या. हवेला रंग नव्हता.

पूर्णाताईंनी कळ फिरवून तबकडी बंद केली. पदराला हात पुसले. देव्हाऱ्यासमोर बसून वात सारखी केली, निरांजनात तेल घातलं, फळीवरची काडेपेटी घेतली आणि त्यातली एक काडी बाहेर काढली. हे त्या लग्न होऊन या घरात आल्यापासून रोज करत होत्या. आज काडी त्यांच्या हातात तशीच राहिली.

“कालिंदे,” त्यांनी मागे न वळता विचारलं, “सांज झाली. दिवा लावू का नको?”